माप तो बघत नाही

३ डिसेंबर, बुधवार. चिंचणी.

पोचले एकदाची. बोईसर स्टेशनावर उतरले तेव्हा हातात दोन पिशव्या, खांद्याला लॅपटॉप आणि पोटात कावळे. तिथून टमटममध्ये बरणीतल्या लोणच्याच्या फोडीसारखी दाबून बसले ती थेट चिंचणीच्या नाक्यावर उतरले. शेजारच्या कामगारानं 'माताजी, थैली मेरे को दो' म्हणून माझी जड पिशवी सगळी वाट मांडीवर घेतली. कुठला कोण, पण माणुसकी कुठे अडली आहे?

आम्ही बार्शीकडची, ज्वारीच्या मुलखातली माणसं. समुद्र आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात. इथे खोलीच्या खिडकीतून सुरूची झाडं दिसतात आणि झाडांच्या पलीकडे तो दिसतो, दुपारच्या उन्हात पितळेच्या परातीसारखा. अंगणात बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेत, तोंडात तोंड अडकवून. पहिला तासभर नाकाला पदर लावला होता. संध्याकाळी नवसीबायनं त्याच बोंबलाचं कालवण वाढलं आणि मी दुसऱ्यांदा भात घेतला. नाक हे मोठं ढोंगी असतं.

नवसीबाय म्हणजे घराची मालकीण, माझ्याच वयाची, जुनं मच्छीमार घराणं. तिचा मुलगा अंकुश होडीवर जातो. सून भाग्यश्री पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलंय. मी वर पाऊल टाकते न टाकते तोच पोरीनं मावशी म्हणून हाक मारली आणि गूळपाणी आणून ठेवलं. मला मूलबाळ नाही. असल्या हाकेला मी फार लवकर विरघळते.

खोलीत खाट, टेबल, टेबलाशी स्टूल, आणि कोपऱ्यात वेताची खुर्ची. खुर्चीवर एक लाकडी मापटं, त्यात मूठभर तांदूळ. मी ते उचलून तिथे पिशवी ठेवणार, तर नवसीबायनं घाईघाईनं हात धरला. बसायचं तर खुशाल बसा, म्हणाली, पण उठलात की मापटं जागच्या जागी. खाली गेले तर पडवीत तिच्या वारलेल्या नवऱ्याच्या खाटेवर तसंच मापटं. माजघरात पाळणा टांगलाय, अंकुशच्या लहानपणापासून तिथेच आहे, त्यातही मापटं. प्रत्येकात मूठभर तांदूळ. विचारलं तर जुनी सवय म्हणून हसली. रिकामा पाळणा हलवू नये असं आमच्याकडेही म्हणतात, त्यातलंच काही असेल.

६ डिसेंबर, शनिवार.

आता कामाचं लिहिते.

दर्पण नावाचा एक हसरा पोरगा बोईसरला छोटंसं ऑफिस चालवतो. कारखान्यांतली मीटरं सारखी एकेक ओळ पाठवत असतात, तापमान इतकं, दाब इतका. ती ओळ वाचून ठेवणारा प्रोग्राम याचा. सी भाषेत लिहिलेला. आयटीआयमधून आलेली नवी पोरं त्यात एकाच जागी ठेचकाळतात, म्हणून त्याला त्या जागेचं मराठी माहितीपत्रक हवंय. टंकलेखनाचे क्लास बुडाल्यावर मी पुस्तकं चाळून चाळून सी शिकले, आणि अशी माहितीपत्रकं लिहिते, हे त्याला कुणीतरी सांगितलं. फोनवर म्हणाला, "काकू, तुम्ही स्वैपाकघरातलं उदाहरण देता ना, तसंच हवं."

अडचण अशी. ओळ वाचणारं जे फंक्शन आहे, त्याला आधी माहीत नसतं की येणारी ओळ केवढी लांब. मग ती ठेवायची कशात? जुन्या फंक्शनांना अंथरूण पाहून पाय पसरणं ठाऊक नव्हतं, ओळ मोठी आली की बाहेर सांडायची, शेजारचंही नासवायची. हे नवं शहाणं आहे. मी त्याला पाहुणा म्हणायचं ठरवलं. फंक्शन म्हटलं की पोरांचे डोळे मिटतात, पाहुणा म्हटलं की उघडतात.

तर पाहुण्याचे नियम असे उतरवले. पाहुण्याला बसायची जागा दाखवावी आणि तिचं माप सांगावं. ती अपुरी पडली तर तो मोठी जागा घेतो, जुन्या जागेत जे होतं ते जसंच्या तसं नव्या जागी उतरवून घेतो, आणि जुनी जागा सोडून देतो. म्हणून जुना पत्ता धरून बसू नये, तिथे आता कुणी नसतं. ओळ संपेपर्यंत तो वाचतो, आणि एक ओळ संपल्याशिवाय दुसरीकडे वळत नाही. दर वेळी रिकामीच जागा दाखवलीत तर दर हाकेला तो नवी जागा अडवतो. आणि घेतलेली जागा मोकळी करायची ती बोलावणाऱ्यानं. पाहुणा करत नाही. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी.

मधली ओळ मी दर्पणच्या जुन्या इंग्रजी कागदावरून अशी लिहिली: "जागा रिकामी असेल आणि मापही शून्य असेल, तर पाहुणा स्वतः जागा घेतो."

लिहिलेलं मोठ्यांदा वाचायची माझी क्लासपासूनची सवय. डोळा फसतो, कान फसत नाही. खिडकीशी उभी राहून वाचत होते, तर नवसीबाय जिना चढून दारात. हाताला खवले तसेच. तिनं विचारलं की पावन्याचं मला कुणी सांगितलं.

मी म्हटलं, कुठला पावना? मग ती खाली बसली आणि हळू आवाजात सांगू लागली. त्याचं नाव घेत नाहीत, पावनाच म्हणतात. समुद्राकडून येतो, माणसांच्या बोलण्याचा माग काढत. रिकामी जागा दिसली की बसतो, आणि बसला की ती जागा माणसाच्या कामाची राहत नाही. पण त्याची एक खोड आहे. जागा रिकामी आणि माप रिकामं, दोन्ही असेल तरच तो बसतो. म्हणून मूठभर तांदूळ.

माझ्या अंगावर काटा आला तो आनंदानं. सी भाषेतला नियम चिंचणीच्या माजघरात! मी हसले, टाळी दिली. तिनं टाळी घेतली नाही. मी लगेच पत्रकात उदाहरण घातलं: रिकामा पाळणा, मापट्यात तांदूळ, पाहुणा परत. याहून सोपं काय सांगणार?

१० डिसेंबर, बुधवार.

दर्पणनं सकाळी ऑफिसात बोलावून कान धरला, अगदी प्रेमानं. ती मधली ओळ चूक आहे. एका कारखान्यात एका पोरानं हाच घोळ केला होता. जागा रिकामी दिली, मापात मात्र जुना आकडा राहू दिला, आणि समजला की माप शून्य नाही म्हणजे हा काही जागा घ्यायचा नाही. त्यानं घेतली. एकामागून एक घेत सुटला, शेवटी मशीन गुदमरून बंद. दर्पणनं मला आतला कोड दाखवला. खरंच की. तो आधी जागा बघतो. ती रिकामी दिसली की मापाकडे ढुंकूनही पाहत नाही. जुना कागद उगीच 'आणि' म्हणत होता.

चुकीचं उदाहरण राखण्यात अर्थ नाही, मुलाचं नाक सुंदर म्हणून कान वाकडा कसा चालेल. घरी येऊन पाळणा आणि तांदूळ खोडले. नवी ओळ लिहिली, अगदी स्वच्छ, कुणाच्या मनात शंका राहू नये अशी:

"जागा रिकामी असली की पुरे. मापात काय आहे ते तो बघत नाही."

सवयीप्रमाणे मोठ्यांदा वाचली. दुपारची वेळ, सगळं घर आडवं झालेलं, बाहेर ऊन. वाचून होतंय तोच मागे वेत करकरला. जड माणूस खुर्चीच्या हातांवर भार देत बसतो तसा, आधी एकदा, मग सावकाश लांब.

वळून पाहिलं. मापटं जागेवर. तांदूळ जसेच्या तसे. वेताची बैठक मात्र मापट्याच्या चहूबाजूंनी खाली झुकलेली. मापटं ते केवढं, त्याचं वजन ते किती.

खारी हवा, वेत सैल होतो. असं म्हणून दुरुस्त मजकूर दर्पणला पाठवला आणि चहा टाकला. चहा घेताना मी खुर्चीकडे पाठ केली नाही, एवढं मात्र खरं.

१२ डिसेंबर, शुक्रवार.

बैठक अजून झुकलेलीच आहे. तांदूळ फुगलेत, रात्रभर भिजत घातल्यासारखे. एक दाणा जिभेवर ठेवला. खारट.

मनाची भीती काढावी म्हणून आज दुपारी मापटं उचलून मी त्या खुर्चीत बसायला गेले. बसता आलं नाही. कशानं अडवलं नाही, ढकललं नाही. भरलेल्या एसटीत कुणाच्या सीटवर टेकायला जावं आणि मांडीला मांडी लागावी, तसं. लुगड्यातून गार ओल लागली. मी चटकन उठले आणि कोण जाणे का, माफ करा म्हणाले.

भाग्यश्रीला सांगितलं नाही. तिचे पाय सुजलेत, वाटीभर तेल घेऊन चोळून दिले. पोट टेकत होती माझ्या हाताला, आत लाथा चाललेल्या. कुणाला घाई लागलीय बघा मावशी, म्हणाली.

वर येऊन कामात मन घालावं म्हणून पुढचा परिच्छेद वाचू लागले. मोठ्यांदाच. एक ओळ पुरी झाली आणि खाली नवसीबाय ओरडली. पडवीत नवऱ्याच्या खाटेची सुंभं कुणी आडवं होताना ताणावीत तशी ताणली होती. मी गेले तेव्हाही ताणलेलीच होती. उशाशी मापटं होतं. काठोकाठ खारं पाणी.

१३ डिसेंबर, शनिवार.

नवसीबायनं समोर बसवून विचारलं की बुधवारपासून मी काय वाचतेय. मी सांगितलं. जागा रिकामी असली की पुरे, माप तो बघत नाही.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"त्याला ह्ये म्हाईत नव्हतं, बाय," ती म्हणाली. "आमी येवढी वर्सं मूठभर तांदळावर त्याला फशवत व्हतो. तुमी त्याला वाचून दाखवलंत."

मी दिवसभर जेवले नाही.

१५ डिसेंबर, सोमवार.

ज्यानं गाठ मारली त्यानं सोडवावी. मी काल जुनी ओळ परत लिहिली, 'आणि'सकट, आणि खोलीच्या मध्ये उभी राहून ठणठणीत वाचली. जागा रिकामी आणि मापही शून्य, दोन्ही. लहान मुलाची समजूत काढावी तशी वाचली.

अर्ध्या तासानं अंकुश आला, घामानं निथळत. दुरुस्तीसाठी रेतीवर ओढलेली त्याची रिकामी होडी हलत नाही. चौघांनी खांदा लावला. कडेपर्यंत रेतीत गेलीय, पन्नास टोपल्या म्हावरं भरल्यासारखी.

शिकलेलं विसरत नाही तो. आणि मी वाचते ती प्रत्येक ओळ म्हणजे एक हाक. खुर्ची, खाट, होडी. दर हाकेला नवी जागा. हेसुद्धा मीच लिहिलंय, छान सोप्या भाषेत.

दर्पणला फोन केला, ते पत्रक मागे घे म्हणून. तो हसला. म्हणाला, काकू, ते तर सगळ्या कारखान्यांत गेलं, पोरांना फार आवडलं, एक जण उभा राहून वाचतो आणि बाकीचे ऐकतात. मी फोन ठेवला. तिथं कुठं, कुणाच्या रिकाम्या जागा असतील त्या.

मोकळं कसं करायचं ते विचारलं नवसीबायला. बोलावणाऱ्यानं मोकळं करायचं असतं, मी करायला तयार आहे. तिला माहीत नाही. कुणालाच नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याला बसूच दिला नव्हता, मग उठवायचा कसा ते कोण शिकणार.

माजघरात पाळणा आहे. रिकामा.

१६ डिसेंबर, मंगळवार.

आता माझ्या वाचण्याचीही गरज उरलेली नाही. सकाळी अंकुश सरळ एक वाक्य बोलला, पाण्याचा हंडा भरला का म्हणून. कोपऱ्यातलं रिकामं टोपलं जमिनीला दबून चेपलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

तेव्हापासून घरात कुणी पुरं वाक्य बोलत नाही. खुणा. एकेक शब्द. 'भात.' 'बस.' 'नको.'

दिवसभर सगळं भरत होतो. हंडे, तांबे, वाट्या. टोपल्यांत बोंबील. माझ्या रिकाम्या पिशव्यांत रेती. फडताळात विटा. नवसीबाय शेंदराच्या कोयरीतसुद्धा तांदूळ कोंबत होती.

पाळण्यात वरवंटा ठेवला. बारशाला बाळाच्या आधी गोप्या म्हणून ठेवतात ना, तसा. कुंची घातली त्याला. दुपारी सगळे समोर असताना वरवंटा पाळण्यातून खाली आला. पडला नाही. ठेवल्यासारखा आला. दोन तुकडे.

त्याला खोटं नको आहे.

अंकुश पाळण्याच्या कड्या काढायला उठला. नवसीबायनं त्याचे पाय धरले. मग माझ्या कानाशी तोंड आणून, तुटक तुटक, मध्ये मध्ये थांबत म्हणाली, "पाळना काढला... तर जागा हुडकीत फिरल... पोरीचं पोट आज भरल्यालं हाय... उद्या रिकामं व्हईल..."

बाळंतिणीचं पोट बांधतात. आमच्याकडेही बांधतात. आत वारा शिरू नये म्हणून, असं आई सांगायची. कसला वारा ते मी कधी विचारलं नव्हतं.

म्हणजे बाळ पाळण्यात येईपर्यंत. आणि पोरीचं पोट बांधून होईपर्यंत. तोवर कुणी बोलायचं नाही.

१७ डिसेंबर, बुधवार.

भाग्यश्रीला सगळं कळलंय. माझ्यावर रागावली नाही. माझा हात पोटावर ठेवून बसली होती. बोलता येत नाही तर डोळ्यांनी बोलते. मला तेच सोसत नाही —

पाळणा हलतो. वारा नाही. थोडासा. कुणी हातानं जोखून बघावं तसा.

अजून कुणी बोललेलं नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार.

वर खुर्चीतला — आता श्वास ऐकू येतो. ओला.

कळा सुरू झाल्या तर? ओरडणं म्हणजे ओळ नव्हे. पण आई गं, मरते मी — ही ओळ आहे. आणि येणारी नर्स. तिला काय सांगायचं? ती तर बोलणारच. जोर कर, श्वास घे, अजून थोडं — ओळीमागून ओळ — आणि जागा दोनच —

नीट विचार कर, पुष्पलता. तूच लिहिलंयस सगळं. त्यात काहीतरी असेल.

संध्याकाळी.

आहे.

एक ओळ संपल्याशिवाय तो दुसरीकडे वळत नाही.

ओळ संपलीच नाही तर?

आणि जागा रिकामी न सोडता आपण होऊन दाखवली, तर तो दुसरी घेत नाही. दिली त्या जागेत बसतो.

माझ्याकडे द्यायला एकच आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार. सकाळ.

कळा सुरू. गाडी बोलावली होती, ती बोईसरच्या रस्त्यावर ट्रकांत अडकलीय. आरोग्य केंद्रातली सिस्टर स्कूटरवर आली. तिला काही ठाऊक नाही. खाली उंबऱ्यात पाऊल टाकतानाच बोलतेय —

दार लावलं. स्टुलावर बसले. मांडीवर दोन्ही हात मोकळे केले आणि म्हटलं, ये बाबा, इथे.

आता ही ओळ.

मी पुष्पलता, राहणार बार्शी, ही ओळ लिहिते आहे आणि लिहिता लिहिता मोठ्यांदा म्हणते आहे, आणि हिला मी शेवट देणार नाही, तू वाचत राहा, तुला गोष्ट सांगते, आमच्या बार्शीला भगवंताचं देऊळ आहे, त्याच्या मागच्या बोळात माझा क्लास होता, सहा मशिनी, पावसाच्या सरीसारखा आवाज यायचा, आणि पोरी झिजलेल्या कळांवर बोटं ठेवून शिकायच्या, बस, असा बस, मांडी तुझीच आहे, गार आहेस रे तू किती, आणि खाली सिस्टर मोठ्यानं बोलतेय ते तिकडे लक्ष देऊ नकोस, तुझी ओळ इथे आहे, अजून संपलेली नाही, आणि माझ्या आईच्या हातची शेंगाभाजी, तिला वर तेलाचा तवंग यायचा, आणि माझे यजमान ती भाकरी कुस्करून खायचे, आणि ते गेले त्या दिवशीही मी दोन भाकऱ्या जास्त टाकल्या होत्या, आणि आता तू मांडीत मावत नाहीस, पोटात आलास, छातीत येतोयस, ये, जागा आहे, मूल नव्हतं मला, तेवढी जागा तर कायमची आहे, आणि खाली पोर ओरडतेय, ओरड बाई, मी आहे, आणि पाळण्याच्या कड्या वाजत नाहीत, ऐकते आहे मी, एकदाही वाजल्या नाहीत, आणि हात जड झालाय पण अक्षर अजून माझंच आहे, आणि गळ्याशी खारं पाणी येतंय, तरी बोलते, तरी बोलते, आणि —

रडलं — बाळ रडलं, केवढा खणखणीत आवाज, मुलगी झाली म्हणतेय सिस्टर, पण ही ओळ संपलेली नाही हं, तू इकडे बघ, आणि नवसीबाय लुगडं फाडतेय, पट्टे फाडतेय, बांधतेय पोट, घट्ट बांध बाई, अजून एक वेढा दे, आणि कड्या वाजल्या, आता वाजल्या, पण जड वाजल्या, बाळाच्या वजनानं वाजल्या, भरला पाळणा, भरला, देवा भरला, आता दोन्ही जागा भरल्या, आता मला फक्त ही ओळ कधीतरी संपवायची आणि जागा मोकळी करायची, बोलावणाऱ्यानं करायची, मीच बोलावणारी आणि मीच जागा, मग मला कोण — राहू दे, ते मागाहून — आणि खालून भाग्यश्री हाक मारतेय, किती दिवसांनी पुरं वाक्य बोलली पोर, "मावशी, या ना बाळाला बघायला," म्हणतेय, थांब गं, एवढी ओळ —

आणि हलकं वाटलं, एकदम, छाती, पोट, मांडी, सगळं हलकं, गेला वाटतं, ओळ न संपताच गेला, आता स्टूल इतकं गार का लागतंय, आणि यजमानांचं नाव काय होतं, आत्ताच तर लिहिलं मी त्यांच्याबद्दल, आणि आईची ती भाजी, कसली भाजी, वर वाचून बघितलं तर अक्षर दिसतं पण चव आठवत नाही, कुणीतरी पुसून, नव्हे, उतरवून — जसंच्या तसं नव्या जागी उतरवून घेतो आणि जुनी जागा सोडून — हे मीच लिहिलं होतं, जुना पत्ता धरून बसू नये, तिथे आता कुणी —

जिन्यावर पावलं उतरताहेत, माझ्या चपलांची, आणि माझाच आवाज म्हणतोय, "आले गं आले, बघू दे माझ्या सोन्याला," अगदी मी म्हणते तसं, लाडात, आणि मी तर इथे बसून लिहिते आहे, भाग्यश्री, देऊ नकोस, तिच्या हातात बाळ देऊ न